बाद गड्यांचं बाकडं

जयवंत साटमचं पेंटबॉलचं मैदान लालबागमधल्या एका बंद गिरणीच्या गोदामामागे होतं. रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका, तोंडावर चढवायचे मुखवटे, लपायला रचलेली पिंपं आणि टायर, सगळं कसं झोकात. फक्त माणसं एकदा यायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. ऑफिसवाले यायचे, फोटो काढायचे, रंगून घ्यायचे, की चालले घरी. जयवंतला हवे होते सामने. कायमचे संघ हवे होते, गावोगाव स्पर्धेला जाणारी पोरं हवी होती. त्याने इंग्रजीत बॅनर लावले, वाढदिवसाला सूट दिली, मॉलच्या दारात उभं राहून कागद वाटले. शेवटी थकला आणि कर्जतच्या एका रिसॉर्टवाल्याला सगळ्या बंदुका आणि मुखवटे द्यायचं कबूल करून बसला.

ते ऐकून त्याच्या दहावीतल्या लेकीने, लतिकाने, जेवणाचं ताट बाजूला सारलं. दर रविवारी बाबा ते मुखवटे बाळाचं डोकं धुवावं तसे हळुवार धुवायचा, पुसायचा, ओळीने वाळत घालायचा. तो माणूस ते दुसऱ्याच्या हातात कसे देणार?

"एक रविवार दे मला," ती म्हणाली. "बॅनर नको, मॉल नको. संघ मी आणते."

गेल्याच महिन्यात शाळेच्या स्टेजवर भाषण ठोकून आल्यापासून लतिकाला जगात काहीच अवघड वाटत नव्हतं. तिने सरळ कबड्डीचे संघ गाठले. लालबागमध्ये संघ शोधायला लांब जावं लागत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिचे आजोबा, गणपत साटम, गिरणीतल्या आपल्या खात्याच्या संघातून कबड्डी खेळायचे. संपानंतर खातंही गेलं आणि संघही, पण चाळीचं मंडळ राहिलं. लतिकाने मंडळाच्या फळ्यावर खडूने ठसठशीत लिहिलं, 'शीव कोळीवाडा आपल्याला पेंटबॉलचं आव्हान देतोय.' मग वर्गातल्या गुणवंतीला गाठलं. ती कोळीवाड्याच्या संघात खेळायची. लालबागवाले तुम्हाला घाबरतात, असं लतिकाने तिच्या कानात सोडलं. दोन्ही थापाच. पण रविवारी दोन्ही संघ हजर, आणि मागोमाग दोन्हीकडची अर्धी वस्ती.

सामना रंगला. लालबागचा कप्तान रामू पहिल्याच झटक्यात छातीवर पिवळी गोळी खाऊन बाद झाला आणि बाकड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याच्या गड्याने कोळीवाड्याचा धर्मा टिपला. तसा रामू ताडकन उठला, धावत मैदानात शिरला आणि त्याने गुणवंतीच्या पाठीवर गोळी झाडली.

जयवंतची शिट्टी कर्कश वाजली. बाद झालेला माणूस आत आलाच कसा?

"काका, त्यांचा एक गेला ना? मग मी उठलो," रामू म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं काय चुकलं ते.

गुणवंती भांडेल असं सगळ्यांना वाटलं. तिने मुखवटा वर सरकवला. "बरोबर आहे त्याचं. पण मला मागून मारतो, लाज नाही वाटत रे तुला?"

लोक हसले. जयवंत हसला नाही. त्याने समजावून सांगितलं, की ही कबड्डी नाही, इथे बाद म्हणजे बाद, पुन्हा जिवंत व्हायचं नाही. नियम पाळायचे नसतील तर सामना रद्द. पोरं मुखवटे काढायला लागली. काही जण फाटकाकडे वळले.

लतिकाचं अवसान गळालं. चारचौघांत बापाला उलट कसं बोलायचं? ती त्याच्याजवळ गेली, त्याचं मनगट धरलं आणि अगदी हळू बोलली.

"बाबा, बाकड्याकडे बघ."

जयवंतने पाहिलं. ऑफिसवाले बाद झाले की मोबाइल काढायचे, जांभया द्यायचे, निघून जायचे. इथे बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने खेटून बसले होते. उठायच्या तयारीत असलेल्या धर्माचं बूड तर बाकड्याला टेकलंही नव्हतं.

"बाकड्यावरचा एकही घरी गेला नाही," लतिका म्हणाली. "मोठ्या स्पर्धेला जातील तेव्हा तिथले नियम शिकतील. आधी इथे राहू तर देत."

जयवंत गर्दीत खुर्ची टाकून बसलेल्या आपल्या बापापुढे जाऊन उकिडवा बसला.

"अण्णा, आधी कोण उठतो?"

"आधी मेलो तो आधी उठता," आजोबांनी मालवणीत सांगितलं आणि लेकाच्या केसांत अडकलेला पिवळा रंग अंगठ्याने पुसला. "इतक्या इचारूक लाजतंस कित्या?"

जयवंतने चुन्याची पिशवी मागवली. बाकड्यांभोवती स्वतः चौकट आखली, वाकडी झाली म्हणून पुसून पुन्हा आखली. फाटकातली पोरं मागे फिरली आणि कोणी न सांगता आपापल्या जागी बसली.

"कर्जतवाल्याला काय सांगू गं?" त्याने शिट्टी पुसत विचारलं.

"सांग, बंदुका रिकाम्या नाहीत."

त्याने मान हलवली. लगेच शिट्टी तोंडात घातली म्हणून हसू नीट दिसलं नाही, पण ती वाजली तेव्हा फुटकीच वाजली.