गच्चीच्या किल्लीसाठी एक डाव

गच्चीला कुलूप घालताना घरमालकाचा पुतण्या श्यामकांत म्हणाला होता, "संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रस्त्यावर घ्या." जणू आभाळही त्याच्या काकानंच बांधलं होतं. परळच्या चाळीनं त्याला बुद्धिबळाचं आव्हान दिलं. चाळीकडून खेळणारा गुणाजी हरला नाही, तर किल्ली चाळीची. संध्याकाळी सभा, दुपारी डाव. पण सकाळीच गुणाजीला सत्याग्रहात पकडून नेलं आणि पटासमोर बसली त्याची बहीण बकुळा. तिला सोंगट्या कशा चालतात तेवढंच ठाऊक.

श्यामकांत गिरगावच्या क्लबातला पट्टीचा खेळाडू. "आम्ही विलायती नियमांनी खेळतो. तुझ्यासाठी देशी चालेल," तो उपकार केल्यासारखा म्हणाला.

बकुळाला घाबरली की हसू यायचं. हत्ती गेला, ती फिस्सकन हसली. घोडा गेला, तिनं पदर तोंडात कोंबला. वजीर गेला तेव्हा शेजारच्या राधाबाई हसल्या आणि मग जिन्यावर बसलेली अख्खी चाळ.

"काय गो, घर बुडतंय आणि दात काढतेस?" राधाबाईंनीच विचारलं.

"थांबतच नाय हो मावशी."

श्यामकांतचे कान लाल झाले. "उरलंय काय तुझं?"

"राजा आणि एक प्यादं, साहेब."

बोलता बोलता तिला भावाची चिडचिड आठवली. देशी डावात समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे बरोबरी. म्हणून गुणाजी तिचं शेवटचं प्यादं जपून ठेवायचा आणि मगच मात द्यायचा. ही मुद्दाम ते त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायची.

तिनं प्यादं श्यामकांतच्या वजिरापुढे सरकवलं आणि हसून हसून पाटावरून घसरली. चाळ लोळायची बाकी.

"अक्कल आहे का तुला?"

"नाय, साहेब."

क्लबात फुकटचं सोडत नाहीत, घरी तर नाहीच नाही. श्यामकांतनं प्यादं उचललं आणि वजीर आपटला. "आता हस."

"बुर्जी झाली की रे बाबा," राधाबाई म्हणाल्या.

त्यानं पटावरच्या तिच्या एकट्या राजाकडे बोट केलं. "तू जिंकली नाहीस."

"हरलेय कुठे?"

"आमच्या क्लबात हे चालत नाही."

"क्लबाची गच्ची मागितलीय कुणी?"

त्यानं किल्ली पटावर टाकली. बकुळानं एकटा उरलेला राजा पदराच्या गाठीत बांधला आणि जिना चढली. हसण्यानं हात इतका हलत होता की किल्ली कुलपात जाईना. शेवटी ते राधाबाईंनी उघडलं.