चौसष्ट पानांचा एक कागद

मी एक कागद बोलतोय. दोन्ही बाजूंनी छापलेला, वरून लॅमिनेट केलेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या आशाताईंच्या पिशवीत माझा मुक्काम होता. गरोदर मातांची नोंद करायचं मोबाइल ॲप कसं चालवायचं, एवढंच मला सांगता येतं. पण ते मला नीट येतं.

माझा जन्म फरहामुळे झाला. ती चंद्रपूरची. आशाताईंना हे ॲप शिकवायचं काम तिच्याकडे होतं. तिच्या कंपनीनं आधी चौसष्ट पानांचं पुस्तक छापलं होतं, सुरुवातीला साहेबांच्या मनोगतासह. महिन्याभरानं फरहा धानोऱ्याकडच्या एका गावात गेली, तर तिथल्या आशा, बुधरीताई, यांनी त्या पुस्तकावर तांदळाचा डबा ठेवलेला.

फरहाला वाईट वाटलं, पण ती रागावली नाही. अडतं कुठे, एवढंच तिनं विचारलं.

"मले वाचता येते बाई," बुधरीताई म्हणाल्या. "पण इकडे बाईले कळा येऊन राह्यल्या, अन् मी चाळीसावं पान कुठी शोधू?"

मग फरहा दोन दिवस त्यांच्या ओसरीत बसली. शिकवलं काहीच नाही. बोट कुठे थबकतं ते नुसतं पाहिलं. थबकत होतं चारच ठिकाणी. त्या चार जागांची उत्तरं म्हणजे मी.

पहिल्या छपाईत मी चुकलोच होतो. माझ्यावर 'सबमिट करा' असं होतं आणि फोनवरच्या बटनावर 'पाठवा'. बुधरीताई बराच वेळ सबमिट शोधत राहिल्या. अक्षरंही बारीक होती. त्यांना मला हातभर लांब धरून वाचावं लागे. फरहानं दोन्ही सुधारलं.

ऑफिसात प्रणित सरांना माझ्यावर ॲपच्या सगळ्या सोयी हव्या होत्या. फरहा म्हणाली, "सर, एक ओळ वाढवायची तर एक काढावी लागेल. कोणती काढू?" सरांनी मला दोनदा वाचलं. मग पेन घेऊन तळाचं स्वतःचंच नाव खोडलं आणि तिथे आरोग्य उपकेंद्राचा फोन नंबर लिहायला सांगितलं.

तो नंबर भाताच्या रोवणीच्या दिवसांत कामी आला. दुसऱ्या एका गावात रंजीता आशा म्हणून नवीच लागली होती आणि मी तिच्या पिशवीत होतो. गावातल्या सरिताला आठवा महिना होता. तोंडावर, पायांवर सूज, डोकं ठणकत होतं आणि मशीनवर रक्तदाब फार वर गेलेला. रंजीतानं ॲपमध्ये माहिती भरून 'पाठवा' दाबलं. इंटरनेट नव्हतं. पडद्यावर चाक नुसतं फिरत राहिलं. माहिती गेल्याशिवाय गाडी येणार नाही, असंच तिला वाटत होतं. तिनं पुन्हा पुन्हा 'पाठवा' दाबलं.

तिनं मला बाहेर काढलं. माझ्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत होतं: 'चाक फिरतच राहिलं तर थांबू नका. "जतन करा" दाबा. खालच्या नंबरवर फोन करा. इंटरनेट नसलं तरी फोन लागतो.'

फोन लागला. उपकेंद्रातल्या सिस्टरनं गाडी पाठवली. सरिता वेळेत जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचली आणि पुढे तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हे सगळं मी केलं असं म्हणणार नाही, केलं रंजीतानं. पण ती घाबरलेली असताना मी गडबडलो नाही, हे मात्र सांगतो.

गेल्या महिन्यात ॲप बदललं. 'जतन करा' आता वरच्या कोपऱ्यात गेलं आहे, मी मात्र अजून खालीच दाखवतो. रंजीताला आठवण म्हणून मला ठेवायचं होतं. फरहा नको म्हणाली. "घाईत हाच हाती आला तर?" तिनं विचारलं. रंजीतानं मला परत दिलं.

फरहाचं बरोबर आहे. नवा कागद तयार झाला आहे आणि त्यातल्या दोन ओळी रंजीतानं सुचवलेल्या आहेत. तुमच्या भिंतीवर, टेबलाच्या काचेखाली माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्यावरची तारीख एकदा बघा. जुना असेल तर खुशाल फाडा. आम्हाला राग येत नाही.