वरच्या मजल्यावरचा घोडा

चष्मेवाल्यांनी लेकीला चित्रसंग्रहालयात नेलं ते तिचं चित्रकलेचं वेड एकदाचं उतरावं म्हणून. बापाने असा डाव टाकावा हे काही बरं नाही, पण त्यांचीही बाजू होती. कला महाविद्यालयाने पोरीला दोनदा नाकारलं होतं. तेव्हापासून ती जेवतानाही तोंड उघडत नव्हती. रंगांची पेटी चष्मेवाल्यांनी स्वतः माळ्यावर चढवली होती आणि सोमवारपासून तिला दुकानात बसवायचं मनाशी पक्कं केलं होतं. तिचा होकार तेवढा बाकी होता. थोर माणसाची चित्रं बघितली की पोरगी आपणहून हात टेकेल, असा त्यांचा हिशेब.

पण त्यांचे गुडघे आडवे आले. जिना नको म्हणून दोघं लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर गेली, म्हणजे उतरत उतरत बघता येईल. थोर चित्रं होती तळमजल्यावर. वर होती ती सुरुवातीची. एकाच माणसाचं संग्रहालय म्हटल्यावर त्याचं काहीच टाकून दिलेलं नव्हतं.

पहिल्याच भिंतीवर एक घोडा होता. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला, पुढे गेले, मागे आले.

"हा घोडा आहे?"

"खाली तसं लिहिलंय, बाबा."

"पाय बघ, पलंगाला लावतात तसे. आणि चौथा कुठाय?"

लेक फिसकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली, तसा बापाला चेव आला. शेजारच्या बाईची मान, फळांची टोपली, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. लोकांना नीट दिसावं म्हणून जन्म घालवलेला माणूस. समोर दिसतं त्याबद्दल खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"याच्यापेक्षा तू आपल्या जिन्याच्या भिंतीवर काढलेलं मांजर कितीतरी बरं होतं," ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही बघितलं होतंत ते? कधी बोलला नाहीत."

चष्मेवाल्यांना स्वतःची लाज वाटली. ते तडक जिन्याने खाली उतरले, गुडघ्यांना न विचारता.

तळमजल्यावरची आख्खी भिंत एका चित्राने व्यापली होती. पिवळ्या माळावर घोडा धावत होता. पाय याही खेपेला तीनच, पण चौथ्याची आठवणही होऊ नये असा सुटला होता. बापलेक बराच वेळ तिथे उभी राहिली.

"वरचा काढला तेव्हा या माणसाचं वय काय होतं?"

"सव्वीस."

"आणि तू बावीसची." चष्मेवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. "दुकानात दुपारची येत जा. सकाळचा उजेड चांगला असतो. तो काचा पुसण्यात घालवू नकोस."

लेकीचे डोळे भरून आले. बाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर ती म्हणाली,

"पेटी माळ्यावरून तुम्हीच काढून द्यायची."

"माझे गुडघे..."

"चढवताना नव्हते दुखले. मी स्टूल धरते."