बाईंचा बसलेला घसा

लालबागच्या त्या शाळेत एक रिवाज होता. खडूचा उरलेला तुकडा हेडसरांना दाखवायचा, तेव्हा नवा खडू मिळायचा. जोगळेकर हेडसर कपाटाची किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे. खिडकी लावायचीय? विचारा. पोराला ताप आलाय, घरी पाठवायचंय? आधी विचारा, ताप थांबेल. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मग सर निवृत्त झाले आणि खुर्चीत आल्या मीनाक्षी कर्णिक. राहायला दादरला, नवरा रेल्वेत कारकून, आणि नजर अशी की समोरच्याला वाटावं, बाई मनातल्या मनात हसताहेत. हसतच असायच्या.

पहिल्याच दिवशी बाईंनी कपाटाचं कुलूप काढून टाकलं. ज्याला हवा त्यानं खडू घ्यावा! दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग. सगळ्यांत पुढे चौथीच्या ललिताबाई सामंत, चिमटीत चण्याएवढा तुकडा धरून.

"बाई, घेऊ?"

"अहो, कपाट उघडंच आहे."

"ता खरा... पण घेऊ ना?"

दिवाळीनंतर संस्थेचे अध्यक्ष धुरंधरसाहेब गिरगावातून आले. बाई अजून तात्पुरत्या होत्या. त्यांना कायम करायचं की नाही, ते साहेबांच्या हातात. साहेबांनी रांग पाहिली, उघडं कपाट पाहिलं आणि टोपी सारखी केली.

"तुमचा धाक नाही, कर्णिकबाई. महिन्याभरात परत येतो. तेव्हाही शाळा अशीच दारात उभी दिसली तर माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे."

दुसरा माणूस म्हणजे जोगळेकरांचा पुतण्या. किल्लीसाठी खिसा शिवूनच बसलेला.

बाईंना रात्री जेवण गेलं नाही. धाक दाखवला तर ही मंडळी श्वाससुद्धा विचारून घेणार. नाही दाखवला तर खुर्ची जाणार. दोन-तीन दिवस डोकं खाजवलं आणि सोमवारी बाई भर उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून आल्या. दाराशी फळा टांगला: 'घसा बसला आहे. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. लिहिण्याचा कंटाळा आहे.'

रांग आली ती आलीच. "बाई, पाचवीचे मास्तर आले नाहीत. वर्ग कुणाकडे देऊ?" बाईंनी मान अशी काही हलवली की हो म्हटलं की नाही, ते देवालाही कळू नये. विचारणारा घामाघूम.

शेवटी सातवीचे गायकवाड मास्तर पुढे झाले. हे नायगावच्या बीडीडी चाळीतले, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, माणूस कमी बोलणारा. "पाचवी माझ्या वर्गात बसवा," ते म्हणाले. "आपण विचारत बसलो तर जन्मभर विचारतच बसू." आणि कुणाकडे न बघता कपाटातून मूठभर खडू घेऊन गेले. बाईंनी मफलर तोंडावर ओढून घेतला. आत काय चाललं होतं ते मफलरलाच ठाऊक.

शुक्रवारी दुपारी गिरण्यांतले लोक काम टाकून रस्त्यावर आले. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा परळकडून निघाला होता. पोरांचे बाप मोर्चात, आयासुद्धा मोर्चात, आणि रस्ता भरत चाललेला. शाळा सोडायची कशी? सगळ्यांनी सवयीनं बाईंच्या दाराकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"वर्गावार सोडली तर भावंडांची चुकामूक होईल गो," ललिताबाई बोलून गेल्या. "चाळीवार रांगा लावूया. त्या बाजूला जो राहतो त्यानं ती रांग न्यायची."

झालं! धोंडू शिपायानं घंटा बडवली आणि पोरं चाळीचाळीनं उभी राहिली. तिसरीतल्या बहिणीच्या हातात सातवीतल्या भावाचा हात.

नेमके तेव्हा धुरंधरसाहेब जिन्यावरून वर आले. टॅक्सी चिंचपोकळीला अडकलेली, धोतराला धूळ.

"हे काय? वर्ग कुठे गेले? ऑर्डर कुणाची?"

बाईंनी मफलरकडे बोट दाखवलं.

"मुक्या हेडबाई! मग शाळा चालवतंय कोण?"

"आम्ही," गायकवाड मास्तर म्हणाले. आणि स्वतःच दचकले.

तेवढ्यात खाली मोर्चा आला. हजार गळे एकदम ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

हा आवाज खिडकीतून गेला. खणखणीत, दादर स्टेशनापर्यंत ऐकू जावा असा. बाई खिडकीत उभ्या, मूठ वर, मफलर पायाशी.

व्हरांड्यातल्या सगळ्या माना बाईंकडे वळल्या. आपण काय केलं ते बाईंच्या लक्षात आलं आणि कान लाल झाले. थाप उघडी पडली, तीही अध्यक्षांसमोर, वर शाळेत राजकारण! गेली खुर्ची.

"साहेब," गायकवाड मास्तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर म्हणालेच होते, आवाज आला तर एकदम येईल."

"हो हो," ललिताबाई म्हणाल्या. "माझ्यासमोरच म्हणाले."

धोंडूनंही मान डोलावली. तो डॉक्टरला ओळखतही नव्हता.

साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. या शाळेत सगळे मिळून कधी काही करत नसत, आणि आज सगळे मिळून त्यांना शेंडी लावत होते. खरं तर घोषणा झाली तेव्हा साहेबांचाही हात अर्धा वर गेला होता. तो त्यांनी टोपी सारखी करायच्या कामी लावला.

"मी आज आलो नसतो तर?"

"तरी पोरं वेळेवर घरी गेली असती," गायकवाड म्हणाले.

साहेबांनी एकेक रांग नजरेखालून घातली. "कायमचं पत्र सोमवारी पाठवतो, कर्णिकबाई. त्या पुतण्याला म्हणावं, दुसरीकडे कुलूप शोध." आणि गिरगावच्या बाजूच्या रांगेमागून निघून गेले.

बाईंनी मफलर उचलला. "तुम्ही सगळे माझ्यासाठी खोटं बोललात."

"खोटं तर आम्ही सगळे चार दिवस बोलतोय," ललिताबाई म्हणाल्या. "मंगळवारी तुम्ही मार्केटात राधाबाई कोळणीशी बांगड्यांवरून भांडत होतात. मी मागेच उभी होते. घसा बरा दिसला."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारणार कुणाला? तुम्हाला बोलायला बंदी ना?"

त्यावर बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शनिवारी शाळेत आल्या तेव्हा त्यांचा घसा खरोखरच बसला होता. कुणीही विश्वास ठेवला नाही.