ट्रे उघडेना

टेबलावर सात स्क्रू, पत्र्याचं एक झाकण, दोन स्क्रूड्रायव्हर आणि पोट उघडं टाकलेला एक सीडी प्लेअर होता. प्लेअरच्या आत एक सीडी होती, ती नको होती. हवी होती ती मारेनच्या हातात होती. एक वाजून गेला होता आणि दोनला झेंडे आत येऊन कार्यक्रम सुरू होणार होता.

मार्चमधला हा रविवार म्हणजे गावाच्या जिम्नॅस्टिक्सचा दिवस. हिवाळाभर हॉलमध्ये जे शिकवलं, ते आज सगळ्या गावासमोर करून दाखवायचं. मारेन यंदा पहिल्यांदाच शिकवत होती, आणि तिच्या वाट्याला सहा वर्षांची सतरा मुलं आली होती. तिच्या सीडीवरचा ढोल तिसऱ्यांदा वाजला की ती सगळी एकदम गादीवर लोळत. ढोल नसला, की जागच्या जागी उभी राहून आई कुठे बसलीय ते शोधत. हे तिने एकदा करून पाहिलं होतं.

तिने पुन्हा बटण दाबलं. घर्रर्र. ट्रे नखाएवढा बाहेर आला, अडखळला आणि परत आत गेला.

"जीभ दाखवतोय तुला," एव्हाल्ड म्हणाला. हॉलची देखभाल तोच करायचा, गेली वीसेक वर्षं. "बाजूने एक चापट दे."

"चार दिल्यास तू!"

"मग पाचवी दे."

आतली सीडी साठीपुढच्या बायकांच्या संघाची होती, गुरुवारच्या तालमीपासून तिथेच बसलेली.

"तीच लाव की," एव्हाल्ड म्हणाला. "छान संथ वॉल्ट्झ आहे."

"वॉल्ट्झवर माझी पोरं लोळतील?"

"सावकाश लोळतील."

याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ती वाकली आणि बटण दाबून आत नीट पाहू लागली. मोटार फिरत होती. मोटारीवरून एक काळा रबरी पट्टा शेजारच्या चाकावर गेला होता. ते चाक फिरलं की ट्रे सरकणार. पण पट्टा जागच्या जागी घसरत होता आणि चाक ढिम्म होतं. तिने पट्ट्याला बोट लावलं. बोट चकाकलं. वास घेतला. सायकलच्या साखळीचा वास.

"एव्हाल्ड."

एव्हाल्ड ट्रॅम्पोलिनकडे पाहू लागला.

"तू याला तेल घातलंस?"

"कुरकुरत होता गं. दोनच थेंब."

"सीडी प्लेअरला तेल?"

"मी सगळ्यालाच घालतो. दारं, ट्रॅम्पोलिनची चाकं, खिडक्या. आजवर कुणाची तक्रार नाही."

"अरे, पट्टा घसरू नये म्हणून तर तो रबराचा असतो! तेल पाजल्यावर बिचारा दुसरं काय करणार?"

"पण कुरकुर थांबली की नाही?"

कुरकुर खरंच थांबली होती. मारेनने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पट्टा उचलून काढला आणि तरातरा स्वयंपाकघर गाठलं. तिथे गुद्रुन कॉफीच्या मोठ्या बॉयलरशेजारी पहारा देत उभी होती.

"एक कप उकळतं पाणी दे. आणि भांड्यांचा साबण."

"पाणी कॉफीपुरतंच आहे," गुद्रुन म्हणाली. "मध्यंतरात कुणाला कमी पडली तर माझ्या नावाने शंख करतात."

"एव्हाल्डच्या वाटचं दे."

"आणि हे काय आणलंस? गांडूळ?"

"प्लेअरचा पट्टा. एव्हाल्डने तेल पाजलंय."

गुद्रुनने कमरेवरचे हात काढले. "माझ्या ओव्हनच्या दारालाही पाजलं होतं मेल्याने. आठवडाभर केकला सायकलचा वास." तिने स्वतःच बॉयलरचा नळ सोडला. "घे, दोन कप घे."

पट्टा दोनदा साबणाने धुतला, उकळत्या पाण्यात बुडवून ठेवला, टॉवेलने कोरडा केला. चाकाची खाचही प्रथमोपचाराच्या पेटीतल्या स्पिरिटने पुसून घेतली. मारेन पट्टा परत बसवत होती तेव्हा बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली होती. पट्टा दोनदा हातातून सुटला. तिसऱ्यांदा बसला.

तिने बटण दाबलं. ट्रे कुरकुरत, रखडत, पण पुरता बाहेर आला. तिने झटकन सीडी बदलली आणि पुन्हा दाबलं. गेला आत.

"ऐकलंस? पुन्हा कुरकुरतोय," एव्हाल्ड म्हणाला, आणि त्याचा हात खिशात गेला.

"हात बाहेर काढ! आधी तेलाची बाटली दे इकडे. दे. आता जाऊन झेंडा धर."

झेंडा दरवर्षी एव्हाल्डच धरायचा, आणि मारेनला मुलांसोबत गादीपाशी उभं राहायचं होतं. बटण दाबायला उरली गुद्रुन. ती हात पुसत टेबलाशी आली.

"मी हात वर केला की हे बटण दाबायचं," मारेन म्हणाली.

"किती वेळा?"

"एकदा! फक्त एकदा!"

"ओरडतेस कशाला? कॉफीच्या यंत्राला दोनदा लागतं, म्हणून विचारलं."

झेंडे आले, गाणं झालं, लोक खाली बसले. सतरा मुलं पिवळ्या शर्टांत गादीच्या कडेला उभी राहिली. मारेनने हात वर केला. काहीच झालं नाही. गुद्रुन चष्मा शोधत होती. पुढच्या रांगेतल्या एका आईने हात हलवला आणि दोन मुलांनी माना वळवल्या. मारेनने हात आणखी ताणला.

प्लेअर घरघरला. ढोल वाजला. एक, दोन, तीन.

तिसऱ्या ठोक्याला सोळा मुलं लोळली, चौथ्याला एक.