देजाचा बोकड आणि न्याकिओचं ‘नाही’

मित्रांनो, मी एक जुना बोकड आहे. म्हातारा म्हणा हवं तर, पण आमच्या बागेच्या कचेरीत मला ‘जुना’च म्हणतात, कारण तिथे माझी गणती ढोल, ढाली आणि भोपळ्याच्या तुंब्यांमध्ये होते. जुना ढोल फाटला की त्याला मागच्या दाराने नेतात आणि नवा आणतात. हे मी पाहिलं, त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. शूर बोकडाची गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे बघा. माझा जन्म केनियात, मुरांगाच्या लाल मातीच्या उतारावर झाला. रताळ्याचे वेल खायचे, आईला ढुशा द्यायच्या, एवढंच मला येत होतं. एक दिवस मला बाजारात नेलं आणि तिथून सरकारी ट्रकमध्ये चढवलं. ट्रकमध्ये चढलेला बोकड परत येत नाही हे आमच्यात पिल्लांनाही ठाऊक असतं. माझं धाबं दणाणलं. नैरोबीपर्यंत मी एकसारखा ओरडत होतो.

ट्रक थांबला तो सरकारच्या लोकसंस्कृती बागेत. तिथे देशातल्या सगळ्या लोकांची घरं एका कुंपणात बांधलेली आहेत. मसाईंचं घर, लुओंचं घर, आमचं किकुयूंचं घर. राहत मात्र कुणीच नाही. सकाळी लोक मटाटूत, म्हणजे इथल्या खच्चून भरलेल्या वडापात बसून कामावर येतात, पँट-शर्ट काढून कातडी नेसतात आणि संध्याकाळी पुन्हा पँट घालून घरी जातात. मला वाटलं होतं मला कापतील. पण मला तर नाटकात घेतलं!

माझं काम असं. रोज दुपारी गोल रंगमंचावर किकुयूंचं लग्न ठरतं. नवरा मुलगा मुलीच्या बापाला देज, म्हणजे मुलीचं मोल द्यायला येतो. त्या देजात मधाची दारू असते आणि मी असतो. मग बाप मुलीला विचारतो, “बाळे, ही माणसं दारू आणि बोकड घेऊन आलीत. पिऊ का आम्ही?” मुलगी दारू भरलेल्या शिंगातून एक घोट घेते, शिंग बापाच्या हातात देते आणि म्हणते, “प्या, बाबा.” की झाली सोयरीक! लोक टाळ्या वाजवतात. त्यानंतर मला आडवं पाडतात, माझ्या मानेशी सुरी येते, ढोल थांबतो. आणि कँटीनच्या खिडकीतून भाजलेल्या मटणाची परात बाहेर येते.

ते मटण माझं नसतं. पण पहिल्या दिवशी हे मला कुणी सांगितलं होतं का? माझी बोबडीच वळली. मी रंगमंच ओला केला आणि पहिल्या रांगेतल्या बाईंचे बूटही.

सुरी धरणारा वारुई मुळात कँटीनमध्ये चहा आणि मंदाझी, म्हणजे गोड पुऱ्या करणारा माणूस. तो माझ्या कानाशी पुटपुटला, “गप रे गड्या, बोथट आहे ती. हिने तर पावसुद्धा कापला जात नाही.” तरीही रोज ढोल थांबला की माझं काळीज थांबायचं. भीतीची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही बुवा.

नवरीचं काम करायची न्याकिओ. शहराच्या कडेला आई आणि धाकटी बहीण तिच्या पगारावर जगत होत्या. येताना वाटेवरच्या मळ्यातून ती माझ्यासाठी रताळ्याचे वेल आणायची आणि शिंगामागे खाजवत म्हणायची, “काय नवरदेवा, आज किती घाबरणार?” नवरदेवाचं काम करणारा कबुई लगेच रुसायचा. “अगं, नवरदेव मी आहे!” “तू पण आहेस रे,” ती म्हणायची.

ते माझे चांगले दिवस. माझा फोटो विमानतळावर लागला होता. खाली लिहिलं होतं, ‘या, आमची संस्कृती जगा!’ जगा, असं लिहिलेलं वाचून मला फार धीर आला होता.

मग गर्दी ओसरली. गोठ्याचं छप्पर गळायला लागलं, ते कुणी शाकारलं नाही. वैरण कमी झाली. माझे गुडघे धरले. आणि पर्यटन खात्याने नवे साहेब पाठवले, किबुची साहेब. चकाचक बूट, हातात दोन फोन. ते गोठ्यापाशी आले आणि माझ्याकडे बघत राहिले. तसं बघणं बोकडाला बरोबर कळतं.

“हा कधीपासून आहे?”

“फार दिवस झाले, साहेब,” वारुई कौतुकाने म्हणाला. “शहाणा आहे. ढोल थांबला की आपणहून मान टाकतो.”

“मान टाकतो आणि मग उठून चालायला लागतो! परवा एक पाहुणी खिडकीतल्या परातीकडे बघून खो खो हसत होती. शोभतं का हे? शनिवारी परदेशातले सहलवाले येतायत. जाहिरातीची फिल्म काढायची आहे. सगळं अस्सल पाहिजे. तो कापसाच्या दाढीवाला बाप नको, गावाकडून खरे म्हातारे आणा. दारू खरी. आणि हाही खरा.”

“खरा म्हणजे?”

“म्हणजे सुरीला धार लाव.”

वारुईचा चेहरा पडला. “साहेब, मी मंदाझी करणारा माणूस आहे हो.”

“मग शिकून घे.”

मित्रांनो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. वेल पुढ्यात पडले होते, पण घास उतरेना. न्याकिओला हे कळलं तशी ती तडक कचेरीत गेली. कचेरीची भिंत माझ्या गोठ्याला लागून आहे. मी भिंतीला कान लावून उभा राहिलो.

“साहेब, तो आमच्यातलाच आहे. त्याला नका कापू.”

“पोरी, तुझं काम एका शब्दाचं. ‘प्या’ म्हणायचं आणि पगार घ्यायचा. ते जड जात असेल तर फाटकाबाहेर ‘प्या’ म्हणणाऱ्या पोरींची रांग लागली आहे.”

न्याकिओने कचेरीचं दार उघडलं. बाहेर आली, माझ्याकडे न बघता मटाटू पकडायला निघून गेली. मी समजलो. तिच्या घरी दोन तोंडं होती. माझं तोंड तिसरं. मला तिचा राग आला नाही, पण भीती इतकी वाटली की रात्रभर बसलोच नाही.

शनिवारी धुकं होतं. माझ्या शिंगांना तेल लावलं. सहलवाले खुर्च्यांवर बसले, कॅमेरे लागले. मुरांगाहून गाथोगो गुका आले होते. गुका म्हणजे आजोबा. गावात अशी कितीतरी लग्नं त्यांनी ठरवलेली. ते बापाच्या जागी तिवईवर बसले आणि आधी दारूचा वास घेऊन खूश झाले. वारुई माझी दोरी धरून उभा होता. तो दोरी सारखी हाताला गुंडाळत आणि सोडत होता. कमरेची सुरी मात्र लखलखत होती.

गुकांनी शिंग न्याकिओच्या हातात दिलं. “पोरी, ही माणसं दारू आणि बोकड घेऊन आलीत. पिऊ का आम्ही?”

रोज या प्रश्नापाठोपाठ उत्तर यायचं. आज आलं नाही. गुकांना घाई नव्हती. ते खरंच विचारत होते, म्हणून खरंच वाट बघत होते. न्याकिओने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातल्या शिंगातून दारू सांडत होती. मला वाटलं, आता ओठाला लावेल. मी डोळे मिटून घेतले.

“नका पिऊ, गुका.”

“काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले. मला हे लग्न नको.”

“अगं, पण मी काय केलं?” कबुई ओरडला.

साहेब धावतच आले. “थांबवा! परत घ्या. पोरी, ‘प्या’ म्हण!”

गुकांनी काठी आडवी धरली. “तू कोण तिला सांगणारा?”

“गुका, अहो नाटक आहे हे!”

“असं? मग फोनवर अस्सल अस्सल करत कोण होतं? बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आलो मी, ते कशाला? अस्सलमध्ये पोरीला विचारतात. ती नाही म्हणाली, संपलं. दारू प्यायची नाही, बोकडाला हात लावायचा नाही. ज्याने आणला त्याने घरी न्यावा.” मग दारूने भरलेल्या तुंब्याकडे बघून त्यांनी मोठा उसासा टाकला आणि उठून चालायला लागले.

पाहुण्यांना काही कळलं नाही. हेही नाटकातलंच समजून ते उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांसमोर साहेबांना हसावं लागलं. अशा वेळी माणसं म्हणतात, जीव भांड्यात पडला. बोकडाने तसं म्हणू नये. मी फक्त श्वास सोडला.

संध्याकाळी न्याकिओ कवेत मावतील तेवढे वेल घेऊन आली. “उद्यापासून मी येणार नाही रे,” ती म्हणाली. “काढलं मला.” ती शिंगामागे खाजवत राहिली. “तुला काय वाटतं, तू एकटाच भित्रा? शिंगातली दारू सांडत होती, बघितलंस ना?” मग डोळे पुसून ती गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. फाटकाशी मटाटू थांबली की अजून मान वर करतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आज शांत झोपलो असतो. पण सहलवाल्यांनी साहेबांना कळवलं, की तुमच्या खेळात सगळ्यात बहारीचं काय, तर त्या मुलीचं ‘नाही’! साहेब काही वेडे नाहीत. त्यांनी ते ‘नाही’ नाटकात घातलं.

आता वामाइथा नावाची नवी मुलगी नवरी होते. बाप विचारतो, “पिऊ का?” ती मान उडवून म्हणते, “नाही!” कबुई डोकं धरून लोळतो, लोक पोट धरून हसतात. बाप पुन्हा विचारतो. मग ती लाजते आणि म्हणते, “प्या, बाबा.” ढोल वाजतात, ढोल थांबतो, सुरी येते. वारुईची तीच सुरी, एकदा धार लावल्यावर पुन्हा कुणी बोथट न केलेली.

नाताळात दुसरी फिल्म निघणार आहे. साहेब कालच गोठ्यापाशी येऊन गेले. परत तसंच बघत होते. मित्रांनो, मला फार भीती वाटते. एका शब्दाने मला वाचवलं होतं, आणि आता तोच शब्द ऐकून लोक हसतात. वामाइथाही मला वेल घालते हो, चांगली पोर आहे. पण त्या दिवशी तिने खरंच ‘नाही’ म्हटलं, तर ते ओळखणार कोण?

म्हणून एक मागणं आहे. कधी आमच्या बागेत आलात, तर दुपारच्या खेळाला बसा. नवरी ‘नाही’ म्हणेल. शेजारचे हसतील. तुम्ही तेवढं हसू नका. ती दुसऱ्यांदा काही बोलायच्या आत तिच्या हातातल्या शिंगाकडे बघा, दारू सांडते आहे का.

मी रोज तेच बघत असतो.