एक कडी, एक कुत्रा

भिंतीतल्या कडीकडे सहसा कोणी बघत नाही, मित्रांनो. काही अडकवायचे असेल तेव्हा लोकांना तिची आठवण होते आणि अडकवून झाले की ती पुन्हा विसरली जाते. मी अशीच एक जुनी लोखंडी कडी आहे. बोटभर जाडीचे गोल कडे आणि त्याच्यामागे भिंतीत शिरलेला दांडा, एवढेच माझे शरीर. लोखंडाची असल्यामुळे मला रडू येत नाही, फार तर गंज येतो. म्हणून माझी हकिगत मी कोरड्या डोळ्यांनी सांगणार आहे.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. कुठल्याशा फाटकाचे गज करून जो तुकडा उरला, त्यातून त्याने मला घडवले. म्हणजे तसे बघायला गेले तर मी उरलीसुरलीच. पण लोहार हाताचा पक्का होता. मी थंड झाल्यावर त्याने मला दुकानाच्या तुळईत ठोकले आणि दोन्ही हातांनी धरून स्वतः लोंबकळला. त्याची बायको हसून म्हणाली की वय काय आणि चाललंय काय. तो तसाच लटकलेला राहून म्हणाला, “मी लटकून बघितल्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही.” हे वाक्य मी जन्मभर विसरले नाही. ते आणखी दोघाचौघांनी ऐकले असते तर पुढचे बरेच काही टळले असते.

मला विकत घेतले ते एका छोट्या चहाच्या दुकानाने. दारासमोर कापडी छत होते, त्याची दोरी बांधण्यासाठी मला दाराशेजारच्या भिंतीत चुन्यात बसवले गेले. वारा सुटला की ते कापड असे फुगायचे की दुकानच उडून जाते की काय असे वाटे, पण मी हूं की चूं केले नाही. दुकानदार येता-जाता माझ्यावर थाप मारायचा. कौतुक म्हणून मला जे काही मिळाले, ते त्या थापेतूनच.

पुढे दुकान हातचे गेले आणि तिथे कॅफे झाला. कापडी छत काढून दांड्याने फिरवायचे घडीचे छत आले. ते बसवताना यंत्राने माझ्या अगदी वरच भिंतीत भोके पाडली आणि माझ्याभोवतीचा गिलावा आतून तडकला. बाहेरून काहीच दिसले नाही. रंगाऱ्याने तर भिंतीबरोबर मलाही पिवळे करून टाकले. माझे कडे रंगात चिकटून बसले आणि मी बेकार झाले.

बेकार माणसाला बघायला वेळ भरपूर असतो. माझ्या शेजारी मोठी काचेची खिडकी होती, त्यामुळे आतले सगळे दिसे आणि दार उघडे असले की ऐकूही येई. कॅफे दोघा भावंडांचा होता. भाऊ गल्ल्यावर बसायचा. त्याला गल्लीत सगळे होयबा म्हणत, कारण समोरच्याला नाही म्हणणे त्याच्या जिवावर यायचे. चहात साखर कमी हवी, हो. साखर जास्त हवी, हो. दोघे एकाच किटलीतला चहा पिणारे असले तरी हो. मोठी बहीण ताई. स्वयंपाकघरातून टेबलांपर्यंत ताट नेणे-आणणे तिचे. सुपाचे भरलेले वाडगे घेऊन ती अशी चालायची की वर साय धरली असती तरी मोडली नसती.

रोज सकाळी येणारे गिऱ्हाईक म्हणजे बाइंडरकाका. समोरच्या बोळात त्यांचे पुस्तके बांधायचे दुकान. काकू गेल्यापासून त्यांच्या घरी एकच जीव उरला होता, तो म्हणजे त्यांचा तांबूस कुत्रा. पिल्लू असताना त्याने काकांची मैद्याची खळ भांडेभर चाटून संपवली होती आणि त्यानंतर बराच वेळ त्याचे तोंड उघडत नव्हते. तेव्हापासून त्याचे नाव खळ्या पडले. दिवसभर काका सुई, दोरा आणि पुठ्ठ्यांशी मुकेपणाने झटत. सकाळचा चहा तेवढा माणसांत बसून होई. त्या वेळात जे बोलणे होईल, तेच त्यांचे दिवसाचे बोलणे.

एकदा थंडीत खळ्या दाराबाहेर कुडकुडताना दिसला, तेव्हा होयबा म्हणाला की काका, त्याला आत आणा की. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून होयबाला आणखीच उमाळा आला. त्याने दुसऱ्याच दिवशी दारावर रंगवून घेतले: कुत्र्यांचे स्वागत आहे. त्याच्या मनात एकच कुत्रा होता, पण पाटीवर तसे लिहिलेले नव्हते. बघता बघता गल्लीतली, गल्लीपलीकडची आणि जी कधी गल्लीत फिरकलीही नव्हती अशी सगळी कुत्री आपापली माणसे घेऊन हजर झाली. एक तर वासराएवढे होते आणि मालकाशेजारच्या खुर्चीवर बसे. होयबा काय म्हणणार? हो म्हणाला.

मग वाद सुरू झाले. शाळेतल्या एका बाईंनी चमच्यावरचा केस धरून सगळ्यांना दाखवला. वासरवाल्या गृहस्थांनी उत्तर दिले की लहान मुले याच्यापेक्षा जास्त सांडतात आणि ओरडतातही जास्त. खरे सांगायचे तर दोघांचेही चुकत नव्हते. पण या भांडणात ताईला कोणी काही विचारले नाही आणि तीही काही बोलली नाही. आताशा ती ताटाकडे न बघता जमिनीकडे बघत चालू लागली होती, हे मला काचेतून दिसत होते. टेबलाखालून शेपूट हलली की तिचे पाऊल अडखळे.

एका दुपारी टेबलाखाली दोन कुत्र्यांची जुंपली. त्यात खळ्या नव्हता. ताई नेमकी सूप घेऊन तिथे पोचली होती. सूप तिच्या मनगटावर सांडले आणि तिचा हात भाजला. त्या संध्याकाळी होयबाने जन्मात पहिल्यांदा कोणाला नाही म्हटले, तेही स्वतःच्या तोंडाने न बोलता रंगाऱ्याकडून. दारावर आले: कुत्री बाहेर बांधावीत.

सकाळी काका आले, त्यांनी ते वाचले आणि मुकाट्याने खळ्याला घेऊन मागे वळले. होयबा धावत बाहेर आला. म्हणाला की तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्ही या आत. काका म्हणाले, “माझ्या कुत्र्याला काय सोनं लागून गेलंय? सगळ्यांना जो नियम, तोच आम्हाला.” त्यांनी खिशातून पुठ्ठा कापायची सुरी काढून माझ्यावरचा पिवळा रंग खरवडला, कडे मोकळे केले आणि खळ्याचा पट्टा मला अडकवला. होयबाने कौतुकाने सांगितले की कडी जुनी आहे, दणकट आहे. त्याने मला हात मात्र लावला नाही.

मित्रांनो, मला त्या दिवशी फार बरे वाटले, हे मी लपवणार नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा काम मिळाले होते. पण खळ्याने पहिल्यांदा हिसका दिला तेव्हाच माझा दांडा भिंतीत हलला. रोजच्या हिसक्यांनी गिलाव्याचा भुगा माझ्यामागून झरू लागला. ताई सकाळी तो झाडून टाकी. भुगा कुठून येतो हे बघायला तिला कुठली सवड? आणि मला तर तोंडच नव्हते. आत काका चहा घेताना सारखे काचेकडे बघत. बोलता बोलता मध्येच थांबत आणि कप अर्धा ठेवून उठत. त्यांचे ते दिवसाचे बोलणे आटत आटत दोन वाक्यांवर आले.

मग तो दिवस आला. समोर मालमोटार उभी राहिली आणि तिची मागची लोखंडी फळी धाडकन रस्त्यावर आपटली. खळ्याने अशी उडी घेतली की मी भिंतीतून दांड्यासकट उपटले गेले. तो पळाला आणि पट्ट्याला लटकलेली मी त्याच्यामागे खणखणत निघाले. मी वाजले की तो घाबरे, घाबरला की आणखी जोरात पळे आणि तो पळाला की मी आणखी वाजे. ज्याला धरून ठेवण्यासाठी मी होते, त्याला मीच पिटाळत होते. मला आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नाही.

चौक ओलांडून, धोबीखान्याच्या वळणावर, मी गटाराच्या जाळीत अडकले आणि खळ्या गळ्याला हिसका बसून तिथेच आडवा झाला. जागा वाईट होती. वळणावरून येणाऱ्या गाडीला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसला नसता. मी जाळीत घट्ट रुतले होते, त्यामुळे त्याला उठून बाजूला होणेही शक्य नव्हते.

मागे सगळ्यांची धावाधाव झाली, हे मला नंतर कॅफेतल्या बोलण्यातून कळले. काकांचे गुडघे धावण्यातले राहिले नव्हते. होयबाला कोणीतरी सांगितले की कुत्रा डावीकडे गेला. तो हो म्हणून डावीकडे पळाला. उजवीकडे आली ती एकटी ताई. हातातले रिकामे ताट खाली ठेवायचेही तिला सुचले नव्हते.

खळ्याला बघताच ती जागीच थिजली. तिची चार पावले पुढे आणि दोन मागे, असे झाले. मग एका गाडीचा आवाज आला आणि ती वळणाच्या तोंडाशी, भर रस्त्यात जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने ते ताट डोक्यावर धरले. उन्हात ताट चमकले आणि गाडी थांबली. तिने ती हाताने पलीकडून वळवली. मग दुसरी आली, तीही वळवली. मध्ये मध्ये ती खळ्याकडे न बघताच त्याच्याशी बोलत होती. “उठू नकोस. मी इथून हलत नाही, तूही हलू नकोस. हं, असाच पडून राहा.” खळ्या कान टाकून पडून राहिला.

काका धापा टाकत पोचले ते थेट रस्त्यावरच बसले. त्यांनी खळ्याचे डोके मांडीवर घेतले. मग त्यांनी विचारले, “लागलंय का गं याला?”

ताई म्हणाली, “मला माहीत नाही काका. मी जवळ गेले नाही. पण कोणाला जवळ येऊही दिलं नाही.”

काकांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्या पायांकडे पाहिले. ते अजूनही खळ्यापासून चार हात लांबच रोवलेले होते.

खळ्याच्या पंजाला खरचटले होते, बाकी काही नव्हते. काकांनी पट्टा सोडून मला जाळीतून काढले, ताईने मला ताटात घेतले आणि तशीच कॅफेत नेली. सकाळचे नेहमीचे लोक तिथेच होते. तिने ते ताट भावासमोर गल्ल्यावर आपटले. “बाहेर बांधा म्हणालास. ही एकदा ओढून बघितली होतीस का?” मग ताईने सगळ्यांदेखत सांगितले की लहानपणी शेजारच्या कुत्र्याने तिची पोटरी फाडली होती आणि आजही टेबलाखाली शेपूट दिसली की तिचे पाऊल पुढे पडत नाही.

होयबा रडवेला झाला. “ताई, मला सांगायचंस ना.”

“काय सांगणार? तू मलाही हो म्हणाला असतास आणि त्यांनाही.”

तोडगाही तिनेच काढला. गवंड्याला बोलावून दाराच्या आत, खिडकीखालच्या कोपऱ्यात मला सिमेंटमध्ये बसवून घेतले. पट्टा ताणून कुत्रा कुठवर पोचेल ते तिने स्वतः चालून बघितले, आपली वाट त्याच्यापासून लांब आखली आणि सिमेंट वाळल्यावर मला दोन्ही हातांनी धरून मागे झुकून ओढले. मला माझा लोहार आठवला. दारावरच्या ‘कुत्री बाहेर बांधावीत’ या पाटीला कोणी हात लावला नाही. फक्त होयबा येणाऱ्याला सांगू लागला की कडी एक आहे, तेव्हा आत कुत्राही एकच. त्याला आता स्वतः नाही म्हणावे लागत नव्हते, त्याच्या वतीने मी म्हणत होते. वासरवाले गृहस्थ रुसून गेले ते गेलेच. शाळेतल्या बाई लांबच्या टेबलावर बसू लागल्या. काका पूर्ण कप संपवू लागले आणि त्यांच्या गप्पा ऐकून माझे कान किटू लागले.

कुत्र्यांना आत घ्यावे की न घ्यावे, असे मला विचाराल तर माझे मत नाही. ते तुमचे तुम्ही ठरवा. पण मित्रांनो, कोणाला बाहेर बांधा म्हणण्याआधी भिंतीतली कडी आपल्या हाताने ओढून बघा. आणि कोणाला आत या म्हणण्याआधी, आतून ताट घेऊन चालणाऱ्या माणसाला एकदा विचारा. दोन्हीला फारसा वेळ लागत नाही.

एवढे सांगून थांबणार होते, पण एक गोष्ट राहिली. खळ्या म्हातारा झाला. ओढ घेण्याचे त्याचे दिवस संपले, तरी काका रीत म्हणून पट्टा मला अडकवायचे. मग एका सकाळी काका एकटेच आले. पट्टा त्यांनी खिशातून काढला, हातात फिरवला आणि पुन्हा खिशात ठेवला. ताई चहा घेऊन आली. इतकी वर्षे शेजारून वावरूनही तिने खळ्याला एकदाही हात लावला नव्हता. आजही ती भिंतीच्या कडेने, माझा कोपरा टाळून, लांबच्या वाटेने आली.

काका ते बघत होते. म्हणाले, “आता सरळ आलीस तरी चालेल, पोरी.”

“असू दे काका,” ताई म्हणाली. “सवय झालीये.”

आणि रिकाम्या कोपऱ्याला वळसा घालून ती आत गेली.